छतावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे आहेत, नागपुरात नीट काढणारं कोणी आहे का?

मानेवाडा_मन्या
नमस्कार मंडळी. सक्करदऱ्याकडे आमचं जुनं घर आहे, बाबांनी ८० च्या दशकात बांधलेलं. पुढचा भाग स्लॅबचा, पण मागच्या दोन खोल्या आणि पडवीवर ते नालीदार सिमेंटचे पत्रे आहेत. आता काळे पडलेत, वर शेवाळ, कडेला हात लावला तर भुगा निघून राहिला. त्यात माकडांची टोळी येते, त्यांच्या उड्यांनी दोन पत्रे तडकले. आता तिथं स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणे दोन पोरं लावतो, हातोड्यानं फोडून खाली पाडतो, अर्ध्या दिवसाचं काम, मलबा ट्रॉलीत घालून नेतो, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. तो टेन्शन घेऊ नका म्हणाला तेव्हाच मला टेन्शन आलं. साळा केमिकल इंजिनिअर आहे, तो फोनवर ओरडलाच, म्हणे ते ॲस्बेस्टॉस आहे, फोडू देऊ नको. घरात दोन लहान पोरं आहेत. तर हे काम रीतसर करणारे लोक आपल्याकडे आहेत का, कसं करतात, आणि काढलेले पत्रे जातात कुठं?

तर्रीवाला
काहून एवढं डोक्याला लावून घेऊन राहिले भाऊ. अर्धं नागपूर या पत्र्याखाली जन्मलं नं मोठं झालं. आमच्या आजोबांचं सारं आयुष्य गेलं त्याखाली, ८८ व्या वर्षी गेले, तेही हार्टनं. फोडा नं मोकळे व्हा.

वैदर्भी_शुभा
@तर्रीवाला, आजोबा पत्र्याखाली झोपले, पत्रा कापत नाही बसले. दोन्हीत फरक आहे.
मन्या, मला पण माहिती हवी आहे, आमच्या यवतमाळच्या घराची पडवी अशीच आहे. कोविडमधले एन-९५ मास्क घरात पडून आहेत, ते लावून केलं तर चालेल का?

सेफ्टी_सदा
चालणार नाही ताई. थोडं मोठं लिहितो, कारण याच कामात बरीच वर्षं गेली, कारखान्याच्या शेडचे पत्रे उतरवताना सेफ्टीकडून उभा असतो मी.

आधी मन्याभाऊंची भीती थोडी कमी करतो. पत्रा धड असेल, रंग मारलेला असेल, कोणी छेडत नसेल तर तो गुपचूप पडून असतो. त्यात ॲस्बेस्टॉसचा तंतू साधारण ८ ते १० टक्के, बाकी सगळं सिमेंट वगैरे, आणि ते सिमेंट तंतूला धरून ठेवतं. भानगड सुरू होते तो फुटला, घासला, कापला, ड्रिल केला की, किंवा उन्हापावसानं वरचं सिमेंट झिजून तंतू उघडे पडले की. तुमच्या कडेचा जो भुगा निघतो तो त्यातलाच प्रकार, त्याला झाडू लावू नका. तंतू डोळ्याला दिसत नाही, वास नाही, त्या दिवशी साधा खोकलाही येत नाही. फुफ्फुसात जाऊन बसतो आणि मेसोथेलिओमासारखा कॅन्सर २०, ३०, ४० वर्षांनी वर येतो. त्यामुळे जो पोऱ्या आज हातोडा मारतो त्याला कधी कळतच नाही की हे कोणत्या छतावरून आलं.

आता काम कसं करतात. पहिला नियम, काही फोडायचं नाही, अख्खा पत्रा अख्खाच खाली आला पाहिजे. त्याआधी बराच वेळ नुसती तयारी चालते आणि घरमालकाला वाटतं हे लोक टाइमपास करून राहिले. खालची खोली रिकामी करतात, जे हलत नाही त्यावर प्लास्टिक, फरशीवर प्लास्टिक, दारं खिडक्या टेपनं बंद. मग आजूबाजूला जाऊन शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या झाकायच्या आणि कूलर बंद करायला लावायचे. कूलरचं कोणाच्या लक्षातच येत नाही. तो बाहेरची हवा ओढून घरात टाकतो, म्हणजे तुमच्या छतावरची धूळ थेट शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच, तरी करावं लागतं.

मग पाणी. फवारणीचा पाठीवरचा पंप घ्यायचा (नवा! ज्यात औषध भरलं होतं तो नाही), पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, त्यानं पाणी पृष्ठभागावर पसरतं, आत मुरतं. बारीक फवारा, धार नाही. प्रेशर पंप लावला तर तंतू उलट उडतात. दोन्ही बाजूंनी ओला, पण निथळेल इतका नाही, नाहीतर घसरायला होतं. जे-हुकच्या (पत्रा खालच्या लोखंडाला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) नटावर आधी पाणी, मग पाना, गंजून बसला असेल तर बोल्ट कटरनं दांडा तोडायचा. ग्राइंडर लावला की सगळी मेहनत वाया. पत्रा सरकवत ओढायचा नाही, उचलून दोघांनी दोरीनं खाली सोडायचा, खालच्यानं हातात घेऊन प्लास्टिकवर ठेवायचा. साधारण २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, दोन थर, टेप, वर मोठ्या अक्षरात लिहायचं आत काय आहे.

आणि पत्र्यावर पाय द्यायचाच नाही. ताई, इथं कॅन्सरपेक्षा आधी मारतं ते पडणं. जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पाय ठेवला की बिस्किटासारखा तुटतो. जमेल तितकं खालून स्कॅफोल्डिंग लावून करायचं, वर जायचंच असेल तर फळ्या टाकून, बेल्ट बांधून.

झाल्यावर झाडू नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पण पत्र्यांबरोबर पॅक. घरातला व्हॅक्यूम क्लिनर तर नाहीच, तो पुढून ओढतो आणि मागून बारीक धूळ खोलीत सोडतो. त्यासाठी हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचं, वेगळं मशीन असतं.

मास्कचं उद्या लिहितो, ड्युटी आहे.

तर्रीवाला
बाप्पा, एवढं? हे वाचूनच दम लागला.

पुणेकर_नाइलाजाने
मुळात हे विकायला परवानगीच कशी आहे हा प्रश्न आहे. साठाहून जास्त देशांत बंदी आहे. ब्रिटनने १९९९ ला केली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, अमेरिकेनेसुद्धा २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, केली. आपण मात्र रशिया-कझाकस्तानातून आणून छतावर घालतो. सिस्टिमच सडलेली आहे.

ऑर्डर_ऑर्डर
सिस्टिमचं जाऊ द्या, कायद्यात काय आहे ते सांगतो, कामाचं आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये निकाल दिला, त्यात कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. आणि एक निर्देश मला फार महत्त्वाचा वाटतो, प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरीला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत सांभाळायची. म्हणजे आजार उशिरा येतो हे कोर्टानं धरूनच ठेवलंय. ॲस्बेस्टॉसिस (या तंतूंनी होणारा फुफ्फुसांचा आजार) हा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण हे सगळं कारखान्याच्या रजिस्टरवर असलेल्या माणसासाठी. ठेकेदारानं नाक्यावरून उचलून आणलेल्या मजुराची नोंद ठेवणार कोण, हजेरीचा कागदसुद्धा नसतो.

मानेवाडा_मन्या
सदाभाऊ खूपच आभार. वाचून बायकोनं ठेकेदाराला लगेच फोन करून थांबवलं. मास्कचं सांगा नक्की. आणि एवढ्या उन्हात अंगभर सूट घालून माणूस काम कसा करतो? इथं बनियनवर बसवत नाही.

सेफ्टी_सदा
मास्क. एन-९५ या कामाला पुरेसा धरत नाहीत. अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क येतो, दोन्ही बाजूंना फिल्टर, त्यावर पी-१०० लिहिलेलं पाहिजे. पण मास्क महागातला घेऊन उपयोग नाही जर तो चेहऱ्याला बसला नाही. हवा फिल्टरमधून यायला हवी, गालाजवळच्या फटीतून नाही. म्हणून घातल्यावर बाहेर हवा जायच्या झडपेवर तळहात ठेवून हळूच फुंकायचं, मास्क किंचित फुगला आणि कडेनं हवा सुटली नाही तर ठीक. दाढी असेल तर बसतच नाही. दोन दिवसांची खुंटं असली तरी सील जातं. यावरून साइटवर सगळ्यात जास्त वाद होतात, खरं सांगतो. पोरं हेल्मेट घालतील, बेल्ट बांधतील, दाढी काढा म्हटलं की तोंड पाडतात. कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाचा नवस असतो. मी वाद घालत नाही, ज्याची दाढी त्यानं खाली राहायचं, प्लास्टिक आणि दोरी गेटबाहेरून पुरवायची, वर नाही.

कपडे. एकदा वापरून फेकायचा टोपीवाला पांढरा सूट, बुटाच्या वर, हातमोज्यावर टेप. निघताना क्रम पाळायचा, आधी सूट ओला करायचा, मग बाहेरची बाजू आत गुंडाळत काढायचा, पिशवीत टाकायचा, आणि मास्क सगळ्यात शेवटी. लोक आधी मास्कच काढतात, कारण श्वास घ्यायचा असतो मोकळा. दिवसभर जे टाळलं ते त्या मिनिटात आत घेतात. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत हे पण त्यातलंच, ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे घरी धुऊन धुऊन त्यांच्या बायकांना हा आजार झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

ऊन. मे मध्ये हे काम आम्ही सकाळी उजाडल्यावर सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत बंद. थोडा वेळ वर, मग खाली, कपडे उतरवून पाणी, मीठसाखर, पुन्हा नवा सूट. दर ब्रेकला एक सूट वाया जातो आणि तिथंच मालक कटकट करतो. २०१३ च्या मे मध्ये नागपूर ४७.९ ला गेलं होतं, अशा दिवशी त्या सूटमध्ये माणूस चक्कर येऊन छतावरून पडेल, तंतूचं पुढचं पुढे.

तर्रीवाला
४७ काय, मागं ५६ झालं होतं नं आपल्याकडे 😄

सेफ्टी_सदा
ते २०२४ चं सेन्सर बिघडलेलं होतं रे बाबा, हवामान खात्यानंच सांगितलं.

वैदर्भी_शुभा
उन्हात सूट घालत नाहीत हे आमच्याकडे फार जवळून पाहिलंय. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा सगळे म्हणत होते, शेतमजुरांनी किट घालायला पाहिजे होतं. माणसाएवढी उंच कपाशी, दमट हवा, त्यात प्लास्टिकचा कोट घालून पंप पाठीवर घेऊन बघा म्हणावं एकदा. किट वाटून फोटो काढणं सोपं आहे, ते घालून काम होईल अशी वेळ आणि मजुरी ठरवणं कोणी करत नाही.

घंटा_काका
मी अग्निशमनातून रिटायर झालो. मन्याचा विषय पत्र्याचा आहे पण सूटचा विषय निघाला म्हणून लिहितो.

धोकादायक वस्तू हाताळणं शिकायला देशभरातून माणसं आपल्या नागपूरला येतात हे इथल्याच लोकांना माहीत नसतं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासूनचं, ते इथं. एनडीआरएफची अकादमी इथं. स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या परवान्यांचं देशाचं मुख्य कार्यालय, पेसो, सेमिनरी हिल्सला. नीरी, ती पर्यावरणाची संशोधन संस्था, वर्धा रोडवर.

क्लोरीनचं उदाहरण देतो. पाणी शुद्ध करायच्या ठिकाणी मोठे आडवे सिलिंडर असतात, त्याला टोनर म्हणतात, साधारण ९०० किलो क्लोरीन एकात. गळती झाली की गॅस हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणून जमिनीलगत, खड्ड्यात, नालीत उतरतो. लोक पळतात उताराकडे, तेच चुकतं. वाऱ्याच्या आडव्या दिशेनं आणि उंचावर जायचं. आम्ही पोचलो की आधी गाडी लांब थांबवून मूठभर माती उडवून वारा बघायचो. नवीन पोरं थेट गेटपर्यंत गाडी नेतात, शिव्या खातात.

मग सूट. क्लोरीनला आम्ही तो पूर्ण बंद सूट वापरतो, हवेचा सिलिंडर पण सूटच्या आत पाठीवर. तो घालायला दुसरा माणूस लागतो, चेन स्वतःला लावता येत नाही. आत गेल्यावर स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. काच वाफेनं धूसर होते. घाम खाली वाहत जाऊन बुटात साचतो, चालताना पचपच आवाज येतो. सिलिंडरवर अर्धा पाऊण तास लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्ष कामाला पंधरा वीस मिनिटं मिळाली तर खूप, कारण जायची हवा, यायची हवा, आणि बाहेर आल्यावर सूट धुऊन होईपर्यंत आत उभं राहायची हवा, सगळी त्यातूनच जाते. दोघं आत गेले की तसेच सूट घालून दोघं बाहेर तयार पाहिजेत, आतल्यांना काही झालं तर ओढून आणायला. ते दोघं काहीच करत नाहीत, नुसते उभे असतात घामाघूम, त्यांना कोणी हार घालत नाही.

गळती शोधायची कशी? अमोनियाच्या द्रावणाची बाटली जवळ नेली की गळतीच्या जागी पांढरा धूर उठतो. सापडली की पहिला प्रयत्न टोनर गोल फिरवून गळती वरच्या बाजूला आणायचा. वरून नुसता गॅस येतो, खाली असली तर द्रव येतो, आणि द्रव क्लोरीन बाहेर पडल्यावर साडेचारशे पट फुगतो. मग किटमधली टोपी बसवून आवळायची. आणि गळतीवर पाणी कधीच नाही. जमाव ओरडतो पाणी मारा पाणी मारा, फायरब्रिगेड नं पाणी मारत नाही म्हणजे काय. पाण्यानं तिथं ॲसिड होतं, भोक मोठं होतं. लोकांच्या शिव्या खात पाणी न मारता थांबणं हे मला त्या नोकरीतलं सगळ्यात कठीण काम वाटायचं.

ऑर्डर_ऑर्डर
काका, क्या बात! अजून लिहा.

घंटा_काका
लिहीन. एक मात्र सगळ्यांनी करा, रस्त्यावर टँकर उलटलेला दिसला तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. मागच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल. लांबून तो नंबर वाचून फोनवर सांगितला तरी येणाऱ्या टीमचं अर्धं काम होतं.

बुटीबोरीकर
मन्या, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं, जातात कुठं. बुटीबोरी एमआयडीसीत धोकादायक कचऱ्याची सामाईक सुविधा आहे, राज्यात अशा मोजक्याच आहेत. खाली जाड प्लास्टिकचं अस्तर टाकून, त्यावर थर देत पुरतात, वरून झाकतात, झिरपणारं पाणी गोळा करतात. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस यादीत आहेच. कारखान्यातून निघालं की फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद), त्याच्या रंगीत सात प्रती, गाडी परवान्याची. घरगुती माणसासाठी हा रस्ता सरळ नाही, तुला परवानावाला ठेकेदारच पाहावा लागेल. प्रदूषण मंडळाचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात आहे, तिथं यादी माग.

आणि जाता जाता, भोपाळचा युनियन कार्बाइडचा कचरा आपल्या दारात येणार होता ते कोणाला आठवतं? २०११ मध्ये मध्य प्रदेश हायकोर्टानं तो साडेतीनशे टनाच्या आसपासचा कचरा आपल्या बोरखेडीजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायला सांगितलं होतं. इथं जबरदस्त विरोध झाला, राज्य सरकारनंही नाही म्हटलं, ते बारगळलं. शेवटी २०२५ च्या जानेवारीत १२ कंटेनर भरून पीथमपूरला गेला, तिथंही लोक रस्त्यावर आले, मग त्याच वर्षी जाळला. १९८४ चा कचरा, ४० वर्षं त्याच कारखान्याच्या आवारात पडून. तो पोत्यांत भरणाऱ्या माणसांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या होत्या असं तेव्हा पेपरात आलं होतं.

पुणेकर_नाइलाजाने
म्हणजे सगळ्यांना कचरा दुसऱ्याच्या गावात हवा.

बुटीबोरीकर
आम्ही तर रोज सगळ्यांचा घेतोच साहेब. तुमचा रांजणगावला जातो.

पत्रेवाला_विक्की
राम राम. मी हिंगणा रोडले राह्यतो, पत्रे बसवायचं नं काढायचं काम करतो, बाप पण हेच करत होता. सगळे साहेब लोक बरोबर लिहून राह्यले पण येक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. आमाले भाव भेटते फुटावर. इतके फूट उतरवले इतके पैसे. आता सदासाहेब म्हणते तसं पाणी मारा, नट हळू खोला, दोरीनं सोडा, दर तासाले खाली उतरा, सूट बदला, तं फुटावर दिवसाची हाजरी बी निघत नाही. मंग पोरगं काय करते, साहेब गेटकडे गेला की हातोडा घेते. त्याले समजत नाही असं नाही, घरी पैसे न्या लागते. येका शेडवर (नाव नाही सांगत) आमाले भारीवाले मास्क देल्ले होते, पण भाव तोच फुटावरचा. मास्क घालून चढउतर करताना दम लागते, काम हळू होते, तं दुपारपर्यंत सगळ्यांचे मास्क गळ्यात. नंतर येका दुसऱ्या ठिकाणी रोजीनं लावलं, दिवसाचा पगार फिक्स, किती पत्रे उतरले कोणी विचारत नव्हतं, तिथं येक पत्रा फुटला नाही नं कोणी मास्क काढला नाही. माणसं तेच होते. तं मन्याभाऊ, तुमी ठेकेदाराले मास्कचं विचारा पण त्याच्या आधी हे विचारा का पोराईले पैसे रोजीनं देते का फुटानं.

आनखी येक, पत्र्यावर पाय द्या लागलाच तं जिथं हुक आहे त्या ओळीवर द्या लागते, खाली लोखंड असते. मधात देल्ला का गेला. माझा चुलत भाऊ तसाच गेला, कंबर मोडली, आता पानठेला चालवते.

सेफ्टी_सदा
विक्कीभाऊ, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या एकाही चेकलिस्टमध्ये नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये मांडतो, तुमचं नाव न घेता.

पत्रेवाला_विक्की
घ्या नं नाव, त्यात काय 🙏

घंटा_काका
विक्की, हेच दारूगोळ्याच्या बाबतीतही. २०१८ मध्ये पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा माणसं गेली, त्यात रोजानं आलेले आजूबाजूच्या गावातले मजूर होते. वस्तू निकामी करायचं काम तज्ज्ञाचं म्हणायचं, आणि पेट्या उचलायला मात्र गावातून माणसं आणायची. पेटी उचलणारा पण त्याच स्फोटाच्या अंतरात उभा असतो ना.

तर्रीवाला
बरं, मी वरती जे लिहिलं, फोडा नं मोकळे व्हा, ते कॅन्सल समजा. आमच्या शेजारी कोणी असं फोडायला घेतलं तर काय करायचं मग?

सेफ्टी_सदा
आपले दारं खिडक्या लावा, कूलर बंद, टाकी झाका, वाळत घातलेले कपडे आत घ्या. आणि भांडायला जाण्यापेक्षा पाण्याचा पाइप द्या, म्हणावं पाणी मारून काढा. शेजारी नाही म्हणत नाहीत बहुतेक.

मानेवाडा_मन्या
अपडेट देतो. उद्योग भवनात जाऊन आलो, तिथून आणि सदाभाऊंच्या ओळखीतून कारखान्याच्या शेडची कामं करणारा एक ठेकेदार मिळाला, परवानगीची कागदं दाखवली त्यानं. घराचं काम छोटं म्हणून आधी येत नव्हता. रोजीचं विचारलं तर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितला 😀 आणि मग हो म्हणाला, पोरांना रोजीच देतो. पहिल्या ठेकेदाराच्या तिप्पट पैसे होतात. बाबा म्हणाले एवढ्यात अजून एक खोली निघाली असती. पण तडकलेल्या पत्र्याखालून नातवंडांचा पलंग त्यांनीच हलवला, सांगितल्याशिवाय.

पावसाच्या आत करायचं ठरलंय. आता एक नवीन लफडं. काटोलकडचे मामा म्हणून राहिले की चांगले अख्खे पत्रे आहेत ते गोठ्यावर टाकायला आम्हाला दे, फेकून काय करतो. कबाडीवाला तर वर पैसे द्यायला तयार आहे. मामांना नाही कसं म्हणू?

वैदर्भी_शुभा
मामांना हा धागा वाचून दाखवा.

पत्रेवाला_विक्की
मामाले सांगा का चाळीस वर्षाचा पत्रा काढून परत बसवते तेव्हा नवीन भोकं पाडा लागते, मशीननं. तोच त्यातला सगळ्यात खराब टाइम. आनखी दोन उन्हाळ्यात गोठ्यावर फुटन, मंग गाईच्या चाऱ्यात भुगा. मामाले टिन घेऊन द्या त्यापरीस, गोठ्यापुरते काही जास्त नाही लागत.

बुटीबोरीकर
कबाडीवाल्याला तर अजिबात नाही. तो तोडून ट्रॉलीत घालेल आणि उद्या ते भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या वाटेवर कुठंतरी रस्त्याच्या कडेला भर म्हणून पडलेलं दिसेल.

मानेवाडा_मन्या
ठीक, मामांना टिनचे पैसे देतो. बायको म्हणते स्वस्तात सुटलो. ठेकेदारानं प्लास्टिक आणि टेप मला आणायला सांगितलंय, इतवारीत मिळेल ना २०० मायक्रॉनचं?

सेफ्टी_सदा
मिळेल, पण दुकानदार जाड आहे जाड आहे म्हणेल, मायक्रॉन लिहिलेला रोल बघूनच घ्या. आणि टेप साधी खाकी नको, ओल्या प्लास्टिकवर ती सुटते. कापडी डक्ट टेप घ्या, आणि घ्यायच्या आधी दुकानातच थोडं पाणी लावून चिकटवून बघा.